मॅकग्रेगर: बंदी घातलेल्या आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅकग्रेगर घराण्याचा शोध घेणारे बहुतेक जण स्पेलिंगपाशी अडकून बसतात. खरी गोम सालात आहे. १६०३ ते १७७४ या १७१ वर्षांत, मधली ३२ वर्षं सोडली तर, हे आडनाव लावणं हा स्कॉटलंडमध्ये गुन्हा होता. त्यामुळे हातातला कागद कोणत्या वर्षाचा आहे ते आधी बघायचं, आणि मगच त्यावरच्या नावाचा विचार करायचा.

मॅकग्रेगर या आडनावाचा अर्थ काय?

'मॅक' म्हणजे गेलिक भाषेत मुलगा. 'ग्रेगर' हे ग्रेगरी या नावाचं स्कॉटिश रूप. म्हणजे ग्रेगरचा मुलगा, इतकं सरळ. ग्रेगरी हे नाव ग्रीक 'ग्रेगोरिओस'वरून आलं. त्याचा अर्थ जागा असलेला, सावध. या नावाचे अनेक पोप होऊन गेले, त्यांच्यामुळे ते ख्रिस्ती युरोपभर पसरलं आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलंड्समध्येही पोचलं.

बोलताना जोर 'ग्रे'वर असतो आणि 'क' जवळजवळ गिळला जातो. कानाला 'मग्रेगर' असं येतं. मराठीत मॅकग्रेगर, मॅक्ग्रेगर, मॅग्रेगर असं सगळं छापलेलं दिसतं. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

'एम-ए-सी' लिहिलं तर स्कॉटिश आणि 'एम-सी' लिहिलं तर आयरिश, हे खरं का?

खोटं, पण फार चिवट समजूत आहे. 'एम-सी' हा कारकुनांनी वेळ वाचवायला केलेला संक्षेप. काही नोंदींत तर 'एम'पुढे नुसतं एक उलटं स्वल्पविरामासारखं चिन्ह असतं. एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत एका पद्धतीने, लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या पद्धतीने आणि थडग्याच्या दगडावर तिसऱ्याच पद्धतीने असणं सर्रास आढळतं. लिहिणारा पाद्री किंवा कारकून होता. ज्याचं नाव त्याला अनेकदा लिहिता-वाचताही येत नसे. पुढचे स्वरही असेच बदलतात: ग्रेगर, ग्रिगर, ग्रेगोर. यातलं कुठलंही रूप वेगळ्या शाखेची खूण म्हणून धरू नका.

मूळचा ग्रेगर कोण? हे घराणं राजवंशातलं आहे का?

कुळाचं गेलिक बोधवाक्य सांगतं, 'राजवंशी आहे माझं कुळ'. परंपरेनुसार नवव्या शतकातला राजा केनेथ मॅकअल्पिन याच्यापासून हा वंश निघाला. त्या काळातला एकही कागद याला दुजोरा देत नाही. हायलंड्समधल्या बहुतेक कुळांनी आपलं मूळ असंच कुठल्या ना कुठल्या राजाशी नेऊन भिडवलं आहे. आपल्याकडच्या वंशावळींत सूर्यवंश-चंद्रवंश येतात त्यातलाच हा प्रकार.

कागदावर पाय टेकतात ते चौदाव्या शतकात. 'सोन्याच्या लगामांचा' म्हणून ओळखला जाणारा ग्रेगर आणि त्याचा मुलगा इयन काम, म्हणजे एकाक्ष इयन. हा इयन १३९० मध्ये वारल्याची नोंद आहे. कुळाच्या मुख्य शाखा स्वतःला याच इयनच्या वंशातल्या मानतात. तुमच्या हाती आलेली एखादी ऑनलाइन वंशावळ १७५० च्या शेतकऱ्यापासून तीन उड्यांत केनेथ मॅकअल्पिनपर्यंत पोचत असेल, तर ती तिथेच मिटून ठेवा.

हे लोक मूळचे कुठले?

पश्चिम-मध्य हायलंड्समधल्या तीन दऱ्यांचे: ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे आणि ग्लेन लॉकी. आजच्या नकाशावर डाल्मली गाव शोधा. तिन्ही त्याच्या आसपास सापडतील. पुढे वस्ती पूर्वेकडे पसरली. रॅनोक, फोर्टिंगल, बॅलक्विडर, लॉक कॅट्रिनच्या काठचं ग्लेनगाइल ही त्यातली महत्त्वाची ठिकाणं. फोर्टिंगलचाच जेम्स मॅकग्रेगर, लिस्मोरचा डीन (चर्चमधला वरिष्ठ पाद्री), याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गेलिक कवितांचं एक मोठं हस्तलिखित तयार केलं. ते आज एडिनबरोला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मॅकग्रेगर म्हणजे नुसते गुरं पळवणारे दरोडेखोर, अशी प्रतिमा ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

जमीन कसणं एकाकडे आणि जमिनीचा कागद दुसऱ्याकडे, ही या घराण्याच्या दैन्याची मुळी. १४३२ मध्ये ग्लेन ऑर्की कॅम्पबेल घराण्याच्या एका शाखेकडे गेली. १४५० च्या सुमारास त्यांनी लॉक ऑच्या काठी किलहर्नचा किल्ला बांधला. मॅकग्रेगर आपल्याच दऱ्यांत कुळं म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे म्हणून, राहिले. सोळाव्या शतकात कॅम्पबेल मालकाने ग्लेन स्ट्रेच्या वारसाला, ग्रेगर रॉयला, जमिनीचा रीतसर ताबा द्यायला नकार दिला. त्यातून भांडण पेटलं आणि एप्रिल १५७० मध्ये ग्रेगर रॉयचा शिरच्छेद झाला. बेदखल झालेल्या कुळांपुढे लुटीशिवाय फारसा मार्ग उरला नाही, आणि लूट केली की पुन्हा बेदखल करायला कारण मिळे.

आडनावावर बंदी का आली?

ताबडतोबीचं कारण ग्लेन फ्रूनची लढाई. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी लॉक लोमंडजवळच्या या दरीत अॅलस्टर मॅकग्रेगरच्या लोकांनी लसच्या कहून घराण्याचा सडकून पराभव केला. मेलेल्यांचा आकडा साधारण १४० सांगितला जातो. कहून घराण्याला गुरं पळवणाऱ्यांविरुद्ध हत्यार धरायची राजाने परवानगी दिलेली होती, म्हणून हा थेट राजसत्तेवरचा हल्ला ठरला. आधीचंही एक प्रकरण खात्यावर होतं: १५८९ मध्ये राजाच्या शिकारी जंगलाचा रखवालदार जॉन ड्रमंड याचा खून झाला आणि त्याचा ठपका मॅकग्रेगरांवर आला.

मार्चअखेरीस इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली. स्कॉटलंडचा सहावा जेम्स लंडनच्या गादीवर बसायला निघाला. तो एडिनबरोहून निघाला ५ एप्रिलला. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ रोजी, प्रिव्ही काउन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, मॅकग्रेगर हे नाव कायमचं रद्द केलं. लावणाऱ्याला देहदंड. राजाने घर सोडण्याआधी हिशोब मिटवला, असंच म्हणायचं. अॅलस्टरला अर्गाइलच्या अर्लने इंग्लंडला सुखरूप पोचवण्याचं वचन दिलं होतं. त्याला सीमेपलीकडे बेरिकपर्यंत नेलं, वचन पुरं झालं असं ठरवलं आणि तसंच परत आणलं. जानेवारी १६०४ मध्ये एडिनबरोच्या चौकात त्याला साथीदारांसह फाशी झाली.

बंदी नेमकी कशावर होती आणि किती काळ?

हे उत्तर कागदावर लिहून शोधाच्या वहीत डकवून ठेवा.

१६०३ ते १६६१: बंदी. आडनाव सोडायचं, दुसरं घ्यायचं आणि जामीन द्यायचा. पुढच्या दहा वर्षांत अटी आणखी आवळल्या: पूर्वी मॅकग्रेगर असलेल्यांनी चारपेक्षा जास्त संख्येने एकत्र जमायचं नाही, आणि जवळ हत्यार म्हणून फक्त मांस कापायची, टोक मोडलेली सुरी ठेवायची. १६१७ मध्ये पार्लमेंटने हे सगळं कायम केलं. १६३३ चा कायदा तर थेट नोंदवहीपर्यंत पोचला: पाद्र्याने कुठल्याही मुलाचा ग्रेगर या नावाने बाप्तिस्मा करायचा नाही आणि नोटरीने मॅकग्रेगर या नावाने करारनामा लिहायचा नाही.

१६६१ ते १६९३: मोकळीक. यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढल्याबद्दल दुसऱ्या चार्ल्सने नाव परत दिलं.

१६९३ ते १७७४: पुन्हा बंदी, विल्यम राजाच्या कारकिर्दीत. पहिल्यासारखी माणसांची शिकार झाली नाही, पण कायदा पुस्तकात होता. या नावाने केलेला व्यवहार कोर्टात टिकेल याची हमी नव्हती. १७१५ च्या जॅकोबाइट, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांच्या, बंडानंतर १७१७ मध्ये सार्वत्रिक माफी जाहीर झाली, तिच्यातूनही 'मॅकग्रेगर नावाचे आणि कुळाचे सगळे' वगळले होते.

१७७४: ब्रिटिश पार्लमेंटने बंदी कायमची उठवली.

मग त्यांनी कोणती आडनावं घेतली, आणि ती कशी निवडली?

हवं ते घेतलं, असं झालं नाही. नाव सोडणाऱ्याला जामीन लागायचा, आणि जामीन राहू शकणारा म्हणजे जमीनदार. ज्याने जामीन दिला त्याचं आडनाव लागलं. म्हणून पर्थशरमध्ये मरी, ड्रमंड आणि स्टुअर्ट, दक्षिणेला ग्रॅहम आणि ब्युकॅनन, ईशान्येला ग्रँट, आणि पश्चिमेला चक्क कॅम्पबेल. ज्यांनी हुसकावलं त्यांचंच नाव घ्यायचं हे विचित्र वाटतं, पण जमीन त्यांची, जामीन त्यांचा. काहींनी आईचं आडनाव लावलं. काहींनी रंगावरून किंवा धंद्यावरून: ब्लॅक, व्हाइट, फ्लेचर. काहींनी मूळ नाव अर्धं राखलं: ग्रेगरी, ग्रेगरसन, ग्रेग.

प्रिव्ही काउन्सिलच्या छापील दफ्तरात १६०३ नंतरच्या अशा नोंदी आहेत: पूर्वीचा अमुक मॅकग्रेगर, आता तमुक, जामीन कोण आणि रक्कम किती. हे खंड मोठ्या ग्रंथालयांत आणि ऑनलाइन स्कॅन करून ठेवलेले सापडतात. नुसत्या आडनावाने चाळू नका. गावाच्या आणि जमीनदाराच्या नावानेही चाळा.

माझं आडनाव मरी, ग्रँट किंवा ग्रेग आहे. म्हणजे मी मॅकग्रेगर का?

बहुधा नाही. स्कॉटलंडमध्ये मरी, ग्रँट, स्टुअर्ट, कॅम्पबेल यांची संख्या प्रचंड, आणि त्यातले फार थोडे मूळचे मॅकग्रेगर. किल्ट, म्हणजे हायलंड्समधल्या पुरुषांचे चौकड्यांचे घागरे, विकणाऱ्या दुकानांत 'मॅकग्रेगर कुळाची उपनावं' म्हणून लांबलचक याद्या मिळतात. त्या यादीत आपलं नाव आहे हा पुरावा धरायचा नाही. किल्टचं कापड विकायला यादी जितकी लांब तितकी बरी.

ग्रेग हे ग्रेगरी नावावरून कुठेही स्वतंत्रपणे तयार होऊ शकतं. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे पणजोबा अलेक्झांडर ग्रेग अॅबर्डीनशरहून बर्गेनला गेले होते. त्यांना मॅकग्रेगर ठरवण्याचा मोह अनेकांना झाला, पण सिद्ध काही झालेलं नाही. ग्रिअर्सन घराणं दक्षिणेकडच्या डम्फ्रीसशरचं. त्यांचं नातं दंतकथेपुरतं. परावर्तक दुर्बिणीची रचना मांडणारा गणिती जेम्स ग्रेगरी (१६३८-१६७५) याच्या घराण्यात मात्र मॅकग्रेगर मूळ सांगायची परंपरा जुनी आहे.

दावा तपासायचा असेल तर तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत: गाव मॅकग्रेगर वस्तीचं, काळ बंदीचा, आणि किमान एका कागदावर दोन्ही नावं.

जुन्या नोंदीत 'मॅकइयन व्हिकग्रेगर' असं लिहिलंय. यातलं आडनाव कुठलं?

कदाचित कुठलंच नाही. 'व्हिक' (लिहिताना बहुधा नुसतं व्ही-सी) हे 'मॅक'चं षष्ठीचं रूप: मुलाचा. 'डॉनल्ड मॅकइयन व्हिकग्रेगर' म्हणजे ग्रेगरचा मुलगा इयन, त्याचा मुलगा डॉनल्ड. आपलं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव या पद्धतीची सवय असलेला मराठी वाचक इथे हमखास फसतो. शेवटचा शब्द आडनाव वाटतो, पण तो आजोबांचं नाव असू शकतो. हायलंड्समध्ये पिढ्यान्पिढ्या तेच राहणारं आडनाव रुळलं ते सतराव्या-अठराव्या शतकात. त्याआधी बापाचं आणि मुलाचं शेवटचं नाव वेगळं असलं तर दचकू नका.

बायकांच्या नावात 'मॅक'ऐवजी 'निक' येतं, संक्षेप एन-सी. 'निकग्रेगर' म्हणजे ग्रेगरची मुलगी किंवा मॅकग्रेगर घरातली मुलगी. कारकुनाचा 'एन' आणि 'एम' सारखाच दिसतो, आणि सूची करणाऱ्याने तो चुकीचा वाचलेला असतो.

'मॅकग्रेगर किंवा ड्रमंड' अशी दोन नावं असतील तर?

पुरुष असेल आणि काळ बंदीचा असेल, तर दुसरं नाव बहुधा घेतलेलं. बाई असेल तर सावकाश घ्या. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव चालू राहतं, आणि 'किंवा'च्या एका बाजूला माहेर, दुसऱ्या बाजूला सासर असतं. त्याला टोपणनाव समजून एक अख्खी शाखा चुकीच्या घराण्यात घातलेल्या वंशावळी इंटरनेटवर ढिगाने आहेत.

शोध कुठून सुरू करायचा?

आजपासून मागे. उलट्या दिशेने, म्हणजे रॉब रॉय या कुळातल्या प्रसिद्ध बंडखोरापासून स्वतःकडे, कधीच नाही.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दफ्तराची 'स्कॉटलंड्सपीपल' ही वेबसाइट मुख्य आधार. सूची शोधायला पैसे पडत नाहीत, नोंदीचं चित्र उघडायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. जन्माच्या नोंदींची चित्रं १०० वर्षं, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षं ऑनलाइन दाखवत नाहीत.

पहिला पैसा मृत्यूच्या नोंदीवर खर्च करा. स्कॉटिश मृत्युनोंदीत मृताच्या वडिलांचं नाव आणि आईचं माहेरचं आडनावही असतं. म्हणजे १८६० मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या माणसाच्या एका नोंदीतून १७८० च्या आधीच्या पिढीपर्यंत हात पोचतो. पण ही माहिती सांगणारा मुलगा किंवा जावई असतो आणि त्याला आजी-आजोबांची नावं नक्की ठाऊक असतीलच असं नाही. नोंद देणारा कोण हे शेजारच्या रकान्यात वाचा. शेजारी किंवा घरमालक असेल तर भरवसा निम्मा करा.

एखाद्या भावंडाची नोंद नेमकी १८५५ सालची मिळाली तर ती आधी उघडा. पहिल्या वर्षी रकाने इतके ठेवले होते की त्यात आईवडिलांची वयं, जन्मगावं आणि आधीची मुलंही आली. कारकून वैतागले आणि १८५६ पासून फॉर्म आटोपशीर झाला.

मग जनगणना: दर दहा वर्षांनी, १८४१ ते १९२१. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेलं असतं, ३९ चा माणूस ३५ चा दिसतो. जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा भाग, कळतो तो १८५१ पासून. तो मिळाला की १८५५ पूर्वीच्या चर्चच्या नोंदवह्यांकडे वळायचं.

वेबसाइटवर नाव टाकलं तर काहीच सापडत नाही. काय चुकतंय?

पूर्ण स्पेलिंग टाकताय, हे. तारांकन म्हणजे कितीही अक्षरं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर. मॅकग्रेगरसाठी रोमन अक्षरांत 'एम*जीआर*जी*आर' या क्रमाने टाका: एम, तारा, जी-आर जोडून, तारा, जी, तारा, आर. यात मॅक, मक, ग्रेगर, ग्रिगर सगळे येतात. तरी रिकामं आलं तर पहिला एम काढून नुसती तारा ठेवा, म्हणजे 'निक'वाल्या बायका आणि नुसते ग्रेगरही सापडतील.

तेही फसलं तर आडनावाची चौकट रिकामी सोडा. पॅरिश, वर्षांची मर्यादा आणि मुलाचं पहिलं नाव एवढंच टाका. बाप्तिस्मा मरी या नावाने नोंदला असेल तर तो असाच हाती लागतो. आईचं नाव ठाऊक असेल तर तिच्या आडनावावरून शोधा. तिच्या आडनावावर कुणी बंदी घातलेली नव्हती.

१७५० च्या मागे जाता येत नाही. हे सगळ्यांचंच होतं का?

बहुतेकांचं. हायलंड्समधल्या बऱ्याच पॅरिशच्या नोंदवह्या उशिरा सुरू होतात, मधली पानं गायब असतात, आणि दफनाच्या नोंदी फारच थोड्या. त्यात आणखी एक खड्डा: १७८३ ते १७९४ या काळात चर्चच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, आणि गरीब आईबाप नोंदच टाळत. बंदी उठून लोक जुन्या नावाकडे परतत होते तो नेमका हाच काळ. त्यामुळे बाप मरी, मुलगा मॅकग्रेगर, आणि दोघांना जोडणारी नोंद नाही, असा पेच पुन्हा पुन्हा समोर येतो.

'नावबदलाचा कागद' शोधत बसू नका. आपल्याकडे नाव बदललं की राजपत्रात जाहिरात येते; स्कॉटलंडमध्ये फसवणुकीचा हेतू नसेल तर माणूस आपलं नाव सरळ बदलून वापरू शकत होता. काही लिहून द्यावं लागतच नसे.

अशा वेळी नोंदवही बाजूला ठेवून जमिनीकडे वळा. जमीनदारांच्या खंडवसुलीच्या याद्यांत त्याच वाडीवर, त्याच पहिल्या नावाचा माणूस एका वर्षी एका आडनावाने आणि काही वर्षांनी दुसऱ्या आडनावाने दिसतो. वाडीचं नाव हा तुमचा खरा धागा. त्याच्या जोडीला चर्चच्या न्यायमंडळाच्या नोंदी वाचा. विवाहबाह्य मूल, दारू, रविवारी काम अशा तक्रारी लिहिताना पाद्री माणसाला गाव ज्या नावाने ओळखे ते नाव लिहून जातो. या वह्या स्कॉटलंड्सपीपलवर नुसत्या चाळायला पैसे लागत नाहीत. सूची नसल्यामुळे पान उलटत बसावं लागतं.

मुलांच्या नावांची प्रथाही कामाला येते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं. थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. हा नियम सगळे पाळत नसत, म्हणून त्यावरून अंदाज बांधायचा, शिक्कामोर्तब करायचं नाही. 'ड्रमंड' घरात थोरल्याचं नाव ग्रेगर असेल तर मात्र कान टवकारायला हरकत नाही.

डीएनए चाचणीने प्रश्न सुटेल का?

कोणती चाचणी यावर आहे. बाजारातली नेहमीची थुंकीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत उपयोगी. १६०३ म्हणजे तेरा-चौदा पिढ्या मागे. बाराव्या पिढीतल्या एका पूर्वजाचा सरासरी वाटा ४०९६ मध्ये एक पडतो, आणि प्रत्यक्षात बहुधा काहीच उरत नाही. या कामाला वाय गुणसूत्राची चाचणी हवी. वाय बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच. आणि कायद्याने आडनाव बदललं तरी ते बदलत नाही. वायवरच्या फक्त १२ खुणा (मार्कर) तपासणारी स्वस्त चाचणी फुकट गेली समजा, तेवढ्यात निम्मा पश्चिम युरोप जुळतो. किमान ३७, जमल्यास १११ खुणा तपासा, आणि कुळाच्या डीएनए प्रकल्पात निकाल नोंदवा.

बाईला ही चाचणी स्वतःवर करता येत नाही. वडील, भाऊ, काका किंवा काकांचा मुलगा लागतो. आणि निकाल जुळला नाही म्हणून 'आपण मॅकग्रेगर नाही' असं होत नाही. दत्तक, आईकडून आलेलं आडनाव, किंवा संरक्षणासाठी कुळात आलेली माणसं हे सगळं त्यात आहे. कुळ म्हणजे एका रक्ताची माणसं, हे हायलंड्समध्येही पूर्ण खरं कधीच नव्हतं.

आम्ही रॉब रॉयचे वंशज, असं घरात सांगतात. तपासायचं कसं?

रॉब रॉयचा बाप्तिस्मा मार्च १६७१ चा, म्हणजे मोकळिकीच्या ३२ वर्षांतला, म्हणून तो मॅकग्रेगर नावाने आहे. १६९३ नंतर तोच माणूस कागदावर रॉबर्ट कॅम्पबेल होतो. ते त्याच्या आईचं आडनाव. साल बघून नाव वाचायचं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना नाही. तो डिसेंबर १७३४ मध्ये वारला, थडगं बॅलक्विडरला आहे. त्याचा मुलगा जेम्स मोर ड्रमंड हे नाव वापरी. धाकटा रॉबिन ओग १७५४ मध्ये एका विधवेच्या अपहरणाबद्दल फासावर गेला. वंश सांगायचा तर या मुलांपैकी कुणाशी तरी कागद जोडावा लागेल. नुसतं बॅलक्विडरचं गाव आणि रॉबर्ट हे नाव पुरत नाही; त्या दरीत रॉबर्ट मॅकग्रेगर पैशाला पासरी होते.

कुळाचं चिन्ह अंगठीवर कोरून घेतलं तर चालेल का?

मुकुट घातलेलं सिंहाचं डोकं, भोवती पट्टा आणि बक्कल, हे कुळातल्या कुणीही लावावं. पूर्ण ढाल असलेलं राजचिन्ह मात्र आडनावाचं नसतं, एका व्यक्तीचं असतं. त्याची नोंद एडिनबरोला लॉर्ड लायनच्या कोर्टात १६७२ पासून ठेवली जाते, आणि दुसऱ्याचं वापरणं हा स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे. 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' म्हणून फ्रेम विकणाऱ्यांना हे माहीत असतं.

या आडनावाचा भारताशी, महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि थेट कुळाच्या प्रमुखाशी. बंदी उठल्यावर कुळातल्या ८२६ जणांनी सह्या करून जॉन मरी याला आपला प्रमुख मानलं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातला अधिकारी. त्याचा मुलगा इव्हान तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दक्षिणेकडच्या फौजेबरोबर होता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्याने तापीकाठचा थाळनेरचा किल्ला घेतला. आज तो धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात येतो. मंदसोरच्या तहाने होळकरांकडून हा भाग इंग्रजांना मिळाला होता, पण किल्लेदार तुळशीराम मामा याने ताबा सोडला नव्हता. दरवाज्यातून आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर आतल्या लोकांनी हल्ला केला. त्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरी, म्हणजे इव्हान, गंभीर जखमी झाला. पुढे आतल्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली. हिस्लॉपवर याबद्दल तेव्हाही टीका झाली.

एकाच चकमकीत दोन मॅकग्रेगर, पण एकाची नोंद मॅकग्रेगर नावाखाली आणि दुसऱ्याची सूचीत मरी नावाखाली. इव्हानने राजाची परवानगी काढून मॅकग्रेगर हे आडनाव पुन्हा धारण केलं ते १८२२ मध्ये. कुळाची संस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली.

मुंबई इलाख्यात बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन झालेल्या मॅकग्रेगरांचा शोध घ्यायचा असेल, तर चर्चच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत: बंगालसाठी एन/१, मद्रासकरता एन/२ आणि मुंबईची मालिका एन/३. सैनिक असेल तर आधी पलटण शोधा. आणि १८२२ च्या आधीचा असेल तर मरी, ग्रँट, ड्रमंड या नावांखालीही पाहून घ्या.

ग्लेन फ्रूनची तारीख काही पुस्तकांत १६०२ दिसते. कुठली खरी?

१६०३. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला वर्ष सुरू करायला घेतलं. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत होतं. त्यामुळे तोच फेब्रुवारी इंग्लिश हिशोबाने १६०२ मध्ये पडतो. जानेवारी ते २४ मार्च या काळातली कुठलीही जुनी तारीख वहीत उतरवताना ती कुठल्या देशाच्या कागदातून घेतली ते शेजारी लिहून ठेवा, नाहीतर मुलाचा जन्म आईबापांच्या लग्नाच्या आधी पडलेला दिसेल.